आठव्या घराची खुंटी

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता आठव्या घराच्या मागे चार माणसं जमली होती ती खुंटीला रंग लागताना बघायला. त्यांना दिसली ती ओढ्यात पालथी पडलेली शिवणबाई.

शहराने ओढ्याच्या काठाकाठाने लोकांना चालायला पायवाट करायची ठरवली होती. वाटेत आठ घरांची मागची जागा येत होती. ज्याची जेवढी जागा जाईल त्याला तेवढा मोबदला मिळणार होता. पद्धत जुनी आणि सोपी होती. पालिकेचा मोजणीदार घराच्या मागच्या भिंतीपासून टेप लावायचा आणि ठरलेल्या अंतरावर लाकडी खुंटी ठोकून घ्यायचा. खुंटीच्या अलीकडचं घरमालकाचं, पलीकडचं शहराचं. मग नेमल्या दिवशी मालकाने शेजाऱ्यांसमोर स्वतःच्या हाताने खुंटीचं डोकं लाल रंगवायचं. रंग लागला की संमती झाली. आठही खुंट्या लाल झाल्याशिवाय एकालाही चेक मिळणार नव्हता. सात लाल होऊन पंधरा दिवस झाले होते. अडलं होतं ते आठव्या घरापाशी.

त्या घरात शिवणबाई एकटी राहायची. आसपासच्या बायकांचे कपडे शिवून पोट भरायची. आता ती दोन पुरुष खोल दगडांवर पडली होती. रंगाचा ब्रश तिच्यापासून हातभर अंतरावर होता. वर खुंटीचं डोकं अर्धं लाल, अर्धं कोरं होतं, आणि खुंटी कडेपासून वीतभरसुद्धा आत नव्हती.

सातव्या घरातला म्हातारा ड्रायव्हर, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, मोजणीदाराकडे वळून म्हणाला, "मोजणीवाले, खुंटी मारलीत का सापळा लावलात?"

मोजणीदार वाकून खुंटीकडे बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी ती खुंटी त्यानेच मारून घेतली होती.

बुधवारी जमीन खात्याच्या मॅडमनी मुकादमाला पाठवून अंतर पुन्हा मोजून घेतलं. भिंतीपासून खुंटी नऊ मीटरवर हवी होती. निघाली दहावर. बरोबर एक मीटरचा फरक, ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

मॅडमनी मोजणीदाराला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही टेप शून्यापासून धरत नाही म्हणे?"

"नाही धरत. टोकाची कडी झिजते, तिथे अंतर चुकतं. म्हणून एकाचा आकडा भिंतीला लावायचा आणि एक मीटर हिशेबात धरायचा. जुनी माणसं असंच मोजतात."

"आणि तो एक मीटर धरायचा राहिला तर?"

मोजणीदाराने खाली बघितलं. अकरा आठवड्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. त्यानंतरचे दिवस त्याला नीटसे आठवत नव्हते. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा आणि कशाला आलो ते विसरायचा. आठव्या घराची मोजणी वहीत त्याच्याच अक्षरात होती, पण तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता.

"सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "चूक कबूल करा. तब्येतीच्या कारणावरून लवकर निवृत्ती देते. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलंय. वाढवण्यात अर्थ नाही."

तो बाहेर आला. नोकरीचं त्याला काही वाटत नव्हतं. बाई आपल्यामुळे मेली का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. मेली असेल तर तसं लिहून द्यायचं. पण खात्री झाल्यावर.

२

नकाशेवाला आणि तो एका ऑफिसात तीस वर्षं होते. एक उन्हातान्हात मोजून आणायचा, दुसरा पंख्याखाली बसून त्याचे नकाशे काढायचा. मोजणीची वही एकदा टेबलावर ठेवली की मोजणीदाराचं काम संपलं. पुढचा नकाशा थेट मॅडमकडे जायचा.

"बस," नकाशेवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. "तोंड बघ जरा आरशात. जेवलास का?"

"खरं सांग. माझ्याकडून असं होऊ शकतं?"

नकाशेवाल्याने पट्टी खाली ठेवली. "बोलणार नव्हतो. पण झालंय, गड्या. वहिनी गेल्यावर दहाव्या दिवशी तू कामावर आलास. शाळेच्या मैदानाची मोजणी आणलीस. सगळे आकडे एकेक मीटरने जास्त. एकाचा आकडा भिंतीला धरलास आणि वजा करायला विसरलास. मी गुपचूप नीट करून टाकलं."

"मला बोलला नाहीस."

"काय बोलणार? आधीच तुझं कंबरडं मोडलेलं." नकाशेवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस आहेस. चुकलास. लिहून दे आणि घरी बस. उगाच खोलात शिरू नकोस. त्या बाईचं आयुष्य तेवढंच होतं."

हा धीर होता, पण मोजणीदाराला तो गळ्यात धोंडा बांधल्यासारखा वाटला. आता शंकेला जागाच उरली नव्हती. तरीही टेपचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं त्याला विचारल्याशिवाय सही करायला त्याचं मन घेईना.

३

मुकादम ट्रकमध्ये घण आणि पहारी चढवून घेत होता.

"साहेब, मी भिंतीपाशी. एकाचा आकडा भिंतीला दाबून धरला, नेहमीसारखा. तुम्ही तिकडे ओढ्याच्या बाजूला. तुम्ही हात केलात, हाताखालच्या पोराने खुंटी ठोकली. तुम्ही किती वाचलंत ते मला काय ठाऊक?"

"बाईचं आणि तुझं वाजलं होतं ना?"

"वाजलं म्हणजे काय, ढोलच वाजला!" मुकादम हसला आणि लगेच गप्प झाला. "कुंपणाच्या दोन विटा पडल्या आमच्या हातून. बाई थेट मॅडमकडे. तीन दिवसांचा पगार गेला माझा. शिव्या घातल्या मी, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत गटाराच्या कामावर होतो. बारा माणसं होती बरोबर, विचारा कुणालाही."

"सोमवारी? बाई तर मंगळवारी सापडली."

"सापडली मंगळवारी. पण उचलली मीच ना, साहेब. अंग लाकडासारखं झालं होतं. ती त्या सकाळची नव्हती."

मोजणीदार तिथून सातव्या घरी गेला. ड्रायव्हर पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता.

"या. आता माझी खुंटी उपटायला आलात का? तिच्यापायी पंधरा दिवस चेक अडकलाय माझा. म्हणून मी ढकललं म्हणता?"

"तसं कोणी म्हणतंय का?"

"सगळी गल्ली म्हणतेय. निम्मे म्हणतात मी, निम्मे म्हणतात तिचा भाचा. तुमचं नाव घ्यायला भितात, सरकारी माणूस पडलात ना."

"तिचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?"

"तिचा नाही, मशीनचा. भिंतीला भिंत आहे. दिवसभर खडखड, डोकं उठायचं. सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला थांबलं. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, मग परत सुरू. त्या दिवशी सुरूच झालं नाही. मी म्हटलं, बरं झालं, जरा पडतो." ड्रायव्हरने सुई चपलेत खुपसून ठेवली. "बरं झालं म्हणालो मी. तेव्हापासून झोप नाही."

"दुपारीच रंग लावायला गेली असेल?"

"ती? शेजाऱ्यांशिवाय? शर्टाचं एक बटण दोनदा मोजून लावणारी बाई होती ती. आणि रंग ती मंगळवारीसुद्धा लावणार नव्हती. मला तोंडावर म्हणाली, नकाशा बरोबर होईपर्यंत मी ब्रश हातात धरणार नाही, मग तुम्ही पायवाटेवर नाचा नाहीतर लोळा."

"नकाशा? नकाशात काय चूक आहे म्हणाली?"

"ते नाही बोलली. मी विचारलंही नाही. भांडत होतो ना आम्ही."

जी बाई ब्रश हातात धरणार नव्हती, तिच्या शेजारी ब्रश पडलेला होता.

४

आठव्या घराचं दार उघडंच होतं. भाचा मागच्या अंगणात करवत घेऊन बसला होता. तिशीचा असेल. पावाच्या भट्टीवर कामाला होता आणि त्याच्या भुवया जळून विरळ झाल्या होत्या.

"काका, बसा. मावशी गेली म्हणून भेटायला लोक येतात आणि सगळे आधी कडेपाशी जाऊन वाकून बघतात. एखादा अजून पडायचा. म्हणून आडव्या फळ्या मारतोय."

शिवणयंत्रावर एक बाही अर्धवट शिवलेली तशीच होती. सुई कापडात रुतलेली. मोजणीदाराने ती बघितली आणि नजर काढून घेतली. त्याच्या घरी पलंगाखाली बायकोच्या चपला होत्या, त्या त्याने अजून हलवल्या नव्हत्या.

"घर आता तुझं," तो म्हणाला.

"हो. मोबदलाही माझा. बोला की सरळ, काका. पोलीसही तेच म्हणाले. सोमवारी पहाटे चार ते दुपारी तीन भट्टीपुढे होतो. मालक माणसाला लघवीलासुद्धा मोजून सोडतो." तो करवतीच्या दात्यांवर बोट फिरवत राहिला. "आईमागे तिने वाढवलं मला. आणि मी शेवटचं काय बोललो? घे ना तो चेक, कशाला हट्ट करतेस, असं. खेकसलो तिच्यावर."

मग त्याने एक फळी पुढे ओढली.

"काका, टेप आहे ना? जरा या फळीवर दोन मीटरला खूण करून द्या. माझ्याकडे नीट पट्टी नाही."

मोजणीदाराने खिशातला टेप काढला. सवयीने एकाचा आकडा फळीच्या काठाला दाबला. मन त्या अर्ध्या बाहीपाशीच होतं. दोनच्या आकड्यापाशी त्याने पेन्सिल ओढली. भाच्याने करवत चालवली, फळी उचलली, दोन खांबांच्या मध्ये धरली आणि वळून बघितलं.

"काका, हे काय केलंत?"

फळी निम्म्यातच संपली होती. एक मीटर आखूड.

मोजणीदार फळीकडे बघत उभा राहिला. मग तो मटकन जमिनीवर बसला.

"अहो, एक फळीच ना. दुसरी घेऊ. रडताय कशाला?"

"आखूड," मोजणीदार म्हणाला. "आखूड पडली रे!"

५

भाच्याने पाणी आणून दिलं. मोजणीदार ते एका दमात प्यायला आणि त्याने ती आखूड फळी मांडीवर घेतली.

"नीट ऐक. आधीच असलेली वस्तू मोजायची असली आणि मी तो एक मीटर विसरलो, तर आकडा जास्त येतो. भिंत अकराची, टेपवर दिसतात बारा, मी बाराच लिहून टाकतो. पण खूण करायची असली तर उलट होतं. दोन मीटर हवेत, म्हणजे मी तीनच्या आकड्यावर खूण करायला हवी. विसरलो, दोनवर केली. वस्तू एक मीटरने आखूड. आत्ता झालं तसं."

"बरं. मग?"

"खुंटी ठोकणं म्हणजे खूण करणं. नऊ मीटर हवेत, तर दहाच्या आकड्याखाली ठोकायची. मी विसरलो असतो तर नवाच्या आकड्याखाली ठोकून घेतली असती. म्हणजे भिंतीपासून आठ मीटर. खुंटी घराकडे सरकली असती, ओढ्याकडे नाही. मी कितीही विसरलो तरी ती दहावर जाऊच शकत नाही."

भाचा त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग ती दहावर गेली कशी?"

मोजणीदार उठला. या वेळी त्याने भाच्याला टेप धरायला लावला आणि आकडा दोनदा वाचला. नऊ मीटरवर गुडघे टेकले. गवत होतं, पण मुळं सुटलेलं, नुसतं वरून ठेवल्यासारखं. ते बोटांनी बाजूला केलं आणि भाच्याकडचा पेचकस मातीत टेकवला. आजूबाजूची जमीन दगडासारखी घट्ट होती. इथे पेचकस मुठीपर्यंत आत गेला. खुंटीच्याच जाडीचं चौकोनी भोक होतं, भुसभुशीत मातीने भरलेलं.

तीन आठवडे खुंटी बरोबर जागी उभी होती. मग कोणीतरी ती उपटली आणि कडेला नेऊन ठोकली.

मुकादमाला फोन लावला तेव्हा तो आधी वैतागला. मग म्हणाला, "थांबा साहेब. तुम्ही कायम खुंटीच्या पलीकडे उभे राहून वाचता, भिंतीकडे तोंड करून. कडेला वीतभर जागेत तुम्ही उभे कुठे राहिला असता? हवेत? हे माझ्या टाळक्यात आधी का नाही आलं?"

"सगळ्यांना माझी चूकच दिसत होती," मोजणीदार म्हणाला. "मलासुद्धा."

भाचा आत जाऊन एक मळकी वही घेऊन आला. शिवणबाईची मापांची वही होती. पानोपानी छाती, बाही, उंची. "शेवटच्या पानावर काहीतरी वेगळंच लिहिलंय. मला वाटलं कुणाच्या पडद्याचं माप असेल."

शेवटच्या पानावर होतं: 'अंगण, ओढ्याच्या बाजूने, रुंदी १४. कागदावर ११. तीन कुठे गेले? सोमवारी विचारणे.'

मोजणीदाराने वही मिटली. त्याच्या स्वतःच्या मोजणीतही त्या अंगणाची रुंदी चौदाच होती. हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं, कारण आठ घरांत सगळ्यात रुंद अंगण तेच होतं.

६

"मॅडम, दोनच प्रश्न," तो केबिनमध्ये उभ्यानेच म्हणाला. "मी एकापासून मोजतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नकाशेवाल्यांनी. का?"

"कधी?"

"मंगळवारी. बाई सापडल्याची बातमी आली, त्यानंतर अर्ध्या तासात आले. फार वाईट वाटत होतं त्यांना. म्हणाले, मित्र आहे, पण सांगणं भाग आहे, खुंटी मीटरभर पुढे गेली असणार."

"मुकादमाने मोजलं बुधवारी."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"मंगळवारी कोणी मोजलंच नव्हतं, मॅडम. आणि तो ऑफिसातून हललाही नव्हता. मीटरभर, आणि तेही पुढे, हे त्याला कुठून कळलं?"

"अंदाज केला असेल. तुमची सवय त्यांना माहीत आहे."

"सवय मुकादमालाही माहीत आहे. पण त्याने माझ्याबरोबर हजार खुंट्या ठोकल्यात. माझी चूक वाटावी म्हणून त्याने खुंटी हलवली असती, तर घराकडे हलवली असती. भाच्याला आणि ड्रायव्हरला ही सवयच माहीत नाही, ते बरोबर मीटरभर कशाला सरकवतील? हे अशा माणसाचं काम आहे, ज्याने माझी चूक फक्त वहीत बघितली. वहीत ती नेहमी एक मीटर जास्त दिसते. म्हणून त्याने खुंटीही एक मीटर जास्त नेली. त्याने जन्मात कधी जागेवर टेप धरलेला नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दुसरा प्रश्न?"

"आठव्या घराची रुंदी नकाशात अकरा का आहे? माझ्या वहीत चौदा आहे."

मॅडमनी कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला. आठव्या घराच्या, ओढ्यावरच्या पुलाकडच्या बाजूला तीन मीटर रुंदीची एक पट्टी वेगळ्या क्रमांकाने दाखवली होती. त्यांनी मोबदल्याच्या यादीवर बोट फिरवलं. आठ घरांच्या खाली नववं नाव होतं.

"मला वाटलं पुलाशेजारची मोकळी जागा कोणाची तरी असेल," त्या म्हणाल्या. "हे नाव कोणाचं?"

मोजणीदाराने ते वाचलं. त्या माणसाच्या लग्नात तो जेवला होता. नकाशेवाल्याचा मेहुणा.

७

तो दाराशी उभा राहिला तेव्हा नकाशेवाला पेन्सिलीला टोक करत होता. मॅडम मागे, एक हवालदार त्यांच्याही मागे. पण नकाशेवाल्याला मोजणीदाराचाच चेहरा आधी दिसला असावा. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"लिहिलास खुलासा?"

"जुनं भोक सापडलं," मोजणीदार म्हणाला. "नऊवर. वरून गवत ठेवलं होतंस."

नकाशेवाला हसायला गेला, पण ते हसू जमलं नाही.

"खुंटी उलट्या बाजूला नेलीस, गड्या. मी विसरलो असतो तर ती घराकडे आली असती. तीस वर्षांत एकदा जरी माझ्याबरोबर उन्हात आला असतास तरी तुला कळलं असतं."

नकाशेवाला टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला. मनात एक खूण मांडून तो ती तपासत होता, हे मोजणीदाराला दिसत होतं. मग त्याने डोळे मिटले.

"शुक्रवारी बाई इथे आली होती," तो म्हणाला. "कापड मोजायचा टेप गळ्यात घालून. तीन मीटर कुठे गेले, म्हणाली. मी म्हटलं सोमवारी येतो, समजावतो. गेलो. तिला म्हटलं, तुम्हालाही त्यातलं देतो. ती हसली. म्हणाली, चला मागे, मी तुम्हाला मोजूनच दाखवते, तुमच्याच डोळ्यांनी बघा. कडेपाशी वाकून टेप लावत होती. पाठ माझ्याकडे."

हवालदाराने खिशातून वही काढली.

"रंगाचा डबा पडवीत होता," तो पुढे म्हणाला. आवाज अगदी सपाट होता, जणू नकाशाची टीप वाचतोय. "कापडाचा टेप ओढ्यात टाकला, वाहून गेला. खाली उतरून ब्रश ठेवला. मग खुंटी."

"आणि मी?"

"तुला काय होणार होतं?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "काही झालं नसतं तुला! घरी बसला असतास, पेन्शन मिळाली असती. तुला तरी आता कशात गोडी राहिलीय? तूच म्हणाला होतास, उठावंसं वाटत नाही. मी विचार केला, यालाच सोसवेल. याचं आधीच सगळं गेलंय."

मोजणीदाराला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. ज्या माणसाने अकरा आठवडे त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, त्याने हात ठेवता ठेवता तिथे किती ओझं मावेल ते बघून ठेवलं होतं.

"बायकोला यातलं काही माहीत नाही," दाराकडे जाताना नकाशेवाला म्हणाला. "तिला वाटतं मेहुण्याने खरंच जागा घेतली होती."

८

जबाब लिहायला दोन तास लागले. मोजणीदाराने त्यात शाळेच्या मैदानाची चूकही लिहिली. तारीख, सगळे चुकलेले आकडे, कोणी दुरुस्त केले तेही.

मॅडमनी ते पान वाचून परत त्याच्यापुढे सरकवलं. "हे कशाला? ती चूक बाहेर आलेलीच नाही. तुम्ही सुटलात. हे घातलंत तर चौकशी तुमचीही होईल, पेन्शन अडकेल."

"ते काढलं तर त्याला माझी चूक ठाऊक होती हे कशावरून? कोर्टात त्याचा वकील पहिलं तेच विचारेल."

"विचार करा."

"केला. ती चूक माझीच आहे, मॅडम. दुसरी नव्हती म्हणून पहिली खोटी होत नाही."

त्याने सही केली. मॅडमनी कागद घेतला आणि घड्याळाकडे बघितलं. साडेपाच वाजले होते. "त्यांच्या घरी कळवायला हवं. हवालदार पाठवते."

"नको. दारात खाकी कपडे बघून ती खालीच बसेल. मी जातो."

नकाशेवाल्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कोणीतरी सायकल आडवी लावली होती, ती त्याने उचलून भिंतीला टेकवली. बेल वाजवली. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग पावलं.

"या, भावजी!" तिने दार सताड उघडलं. केसांना रंग लावायला घेतला होता, खांद्यावर जुना टॉवेल होता. "बरं झालं आलात. हे अजून आले नाहीत. आज त्यांना सांगणारच आहे, भावजींना जरा चार दिवस इथेच ठेवून घ्या म्हणून. बसा, चहा टाकते."

"चहा नको, वहिनी. तुम्ही बसा आधी."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आत जाऊन गॅस बंद केला, टॉवेल काढून घडी घातली आणि समोरच्या खुर्चीच्या टोकाशी बसली.

"त्यांना काही झालं का?"

"नाही. ते धडधाकट आहेत."

"मग?"

काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, पण त्यातला एकही शब्द आता तोंडात येईना. कुठून सुरू करावं? नकाशापासून केलं तर तिला कळणार नाही, खुंटीपासून केलं तर त्याच्या स्वतःवरच येऊन थांबेल. सुरुवात त्या एकाच व्यक्तीपासून होऊ शकत होती जिच्याबद्दल या आठवड्यात कोणी धड बोललं नव्हतं.

"ओढ्याकाठी एक बाई राहायची, वहिनी," तो म्हणाला. "शिवणकाम करायची."